ताकाच्या पिंपावरचा पिवळा टॅग

आमच्या नातीच्या जुन्या शाळेत कॅन्टीन चालवणाऱ्या मावशींच्या ताकाने एकही मूल आजारी पडलं नव्हतं. ताकात मीठ थोडं जास्त असे, एवढंच. त्या काळात चिंचवडच्या त्या शाळेत ज्यांची मुलं होती, त्यांच्यातल्या पुष्कळांचा आजही वेगळा समज आहे. तो समज माझ्यामुळे झाला. म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. आकुर्डीच्या बाजूला दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्याच्या खात्यात गेली. तिथे प्रत्येक ट्रेला रंगाचा टॅग असतो. हिरवा टॅग म्हणजे माल पुढे जाऊ द्या. लाल म्हणजे भंगारात टाका. पिवळा म्हणजे थांबवा, तपासायचं राहिलंय. पिवळ्याचा कुणाला राग येत नाही, कारण त्यात माल वाईट आहे असं कुणी म्हटलेलं नसतं. पण एक रिवाज पक्का असतो. ज्याने पिवळा टॅग लावला, त्यानेच शिफ्ट संपायच्या आत तो काढायचा. हिरवा करा नाहीतर लाल करा, पण पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या गळ्यात मारायचा नाही. नव्याने लागलेल्यांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो.

निवृत्तीनंतर नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. मुलगा चाकणला, सून वाकडच्या एका ऑफिसात. दोघंही सकाळीच बाहेर पडत. शाळेच्या फाटकाशी रोज उभं राहून मोठ्या बाईंशी, म्हणजे मुख्याध्यापिकांशी, ओळख झाली. मी कारखान्यात काय करत होतो ते त्यांना बोलता बोलता कळलं. पुढे शाळांमधल्या खाण्याबद्दल सरकारचे नियम आले. शाळेत आणि फाटकाच्या आसपास जास्त तेलाचं, जास्त साखरेचं, जास्त मिठाचं काही विकायचं नाही, थंड पेयांच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत, फळं, कडधान्यं, दूध, ताक असं काही ठेवावं, असा त्यांचा सूर होता. नियम चांगले होते. मी तेव्हाही तसंच म्हणत होतो आणि आजही म्हणतो. बाईंनी शाळेत एक लहानशी समिती केली आणि म्हणाल्या, “काका, तपासणीचं तुम्ही बघा. तुमचा जन्म त्यात गेलाय.”

संध्याकाळी बागेतल्या बाकावर आमची जुनी मंडळी बसत. त्यांना सांगितलं तर एकजण म्हणाला, “राव, आता पोहे पण मायक्रोमीटरने मोजणार का?”

“मोजावे लागले तर मोजीन,” मी म्हणालो. सगळे हसले. मी मात्र तसं थट्टेत बोललो नव्हतो.

कॅन्टीन म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारची पत्र्याची खोली. मावशी बीडकडच्या. नवरा पत्र्याचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर होता. मधल्या सुट्टीत उपीट, मटकीची उसळ, कधी थालीपीठ, शेंगदाण्याची चिक्की, आणि तोटी लावलेल्या स्टीलच्या पिंपातून ताक असे. शनिवारी मुलांच्या हट्टाखातर बटाटेवडे. मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून शिक्षकही म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो, जरी त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील.

नियमांची गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. “वडे बंद ना? लै बरं झालं की ओ. तळून तळून डोळे जळायलेत माझे.”

“बाकीच्या पदार्थांचंही बघावं लागेल,” मी म्हणालो. “ताकात मीठ किती घालता?”

“अंदाजानं.”

“चिक्कीत गूळ?”

“तो बी अंदाजानंच की काका. तुमच्या घरी काय मोजून घालत्यात?”

आमच्याही घरी मोजून घालत नाहीत. पण मी म्हणालो, “घरची गोष्ट वेगळी. इथे अंदाज चालणार नाही.”

घरी एका डब्यात कारखान्याच्या काळातले टॅग पडून होते. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेलो. ताकाच्या पिंपाला, चिक्कीच्या बरणीला, उसळीच्या पातेल्याच्या कडीला एकेक पिवळा टॅग बांधला. कशात किती मीठ, साखर, तेल आहे ते कळेपर्यंत विक्री थांबवायची, असं बाईंना सांगितलं. माझ्या दृष्टीने ती शिस्त होती. हेही सांगायला हवं की मला फार बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ‘हो’साठी थांबलं होतं.

तोवर मुलांनी खायचं काय? एक पुरवठादार बंद पाकिटं घेऊन आला. तेलात न तळता भाजलेल्या पिठाच्या कुरकुरीत काड्या, आणि फळांचं चित्र असलेली कागदी डबीतली पेयं. प्रत्येकावर तक्ता छापलेला होता. माझ्यासारख्या माणसाला छापील तक्ता दिसला की अर्धं समाधान तिथेच होतं. मी आकडे वाचले, नियमात बसतात असं ठरवलं आणि हिरवा टॅग लावला. ज्याच्यावर लिहिलेलं आहे ते तपासलेलं, ज्याच्यावर लिहिलेलं नाही ते संशयित, अशी आम्हा तपासणी करणाऱ्यांची खोड असते. लोखंडाच्या बाबतीत ती खोड उपयोगी पडते.

ताक आणि चिक्की प्रयोगशाळेत पाठवून तपासून घ्यायची असं माझ्या मनात होतं. भोसरीत एका ठिकाणी चौकशीही केली. शाळेचं पत्र लागेल, थोडा वेळ लागेल, असं ते म्हणाले. मी पत्र मागितलं नाही. आज मागू, उद्या मागू, असं होत राहिलं. त्या पिंपाकडे तपासायला पुन्हा कुणी गेलं नाही. मीही नाही.

मुलांना पिवळ्या रंगाचा अर्थ कुणी समजावला नव्हता. तो त्यांनी स्वतःच लावला. आमच्या नातीने तर वर्गात ठामपणे सांगितलं, “माझे आजोबा तपासतात. पिवळं म्हणजे प्यायचं नाही.” तिने हे घरी येऊन मला अभिमानाने सांगितलं, आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली.

त्याच सुमारास उन्हात खेळाचा तास झाला आणि एका मुलीला उलटी झाली. आदल्या संध्याकाळी ती कुणाच्या वाढदिवसाला गेली होती, हे तिच्या आईने स्वतः बाईंना सांगितलं. शिवाय तेव्हा ताक बंद होतं. पण फाटकाशी थांबलेल्या बायकांमध्ये बोलणं सुरू झालं ते असं, की काहीतरी सापडलं असणार, त्याशिवाय टॅग लावतील का?

पालकांची सभा झाली. इतर विषय संपल्यावर एका वडिलांनी उठून सरळ मला विचारलं, “काका, त्या ताकात काही सापडलं का?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशी मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्याही बघत होत्या.

उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. पण तो शब्द बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग टॅग का आहे? त्यावर, मी तपासलंच नाही, असं सांगावं लागलं असतं. एवढ्या लोकांसमोर ते मला जमलं नाही. मी म्हणालो, “तपासणी चालू आहे.”

कारखान्यात हे वाक्य निरुपद्रवी आहे. त्या हॉलमध्ये ते ऐकून लोकांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मावशी दारातून निघून गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॅन्टीन त्यांच्याकडे राहिलं नाही. सामान न्यायला आल्या तेव्हा त्या मला फाटकाशी भेटल्या. रिक्षात पिंप, शेगडी, पातेली भरलेली होती. मला वाटलं चार शब्द सुनावतील. त्या एवढंच म्हणाल्या, “काका, तपासून झालं की सांगा मला.”

मी “हो” म्हणालो.

त्यानंतर काही वर्षं मी यावर विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. विचार करायचो आणि बाजूला ठेवायचो. मावशी चाकणला कामगारांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात असं कुणीतरी सांगितलं होतं. शाळेत भाजलेल्या काड्या आणि डबीतली पेयं चालू राहिली.

मग नात मोठ्या वर्गात गेली. तिथे भिंतीवर एक फलक लागला. कोणत्या पेयात किती चमचे साखर असते ते मुलांनीच त्यावर चिकटवायचं होतं. नात डबी घरी घेऊन आली आणि कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यासमोर बसली.

“आजोबा, हे तुम्हीच पास केलं होतं ना?”

“हो.”

“हे आकडे एका वेळच्या वाट्याचे आहेत. बघा, बारीक अक्षरात लिहिलंय. डबीत एकापेक्षा जास्त वाटे आहेत. पण सगळे पूर्ण डबीच पितात.”

मी भिंग घेऊन वाचलं. तिचं बरोबर होतं. एकक न बघता आकडा वाचणं ही आमच्या धंद्यातली पहिल्या वर्षाची चूक. त्या चुकीसाठी मी शिफ्टमध्ये लोकांची चांगलीच हजेरी घेतली होती. नात चिडली नाही. हसत म्हणाली, “जाऊ द्या, आम्ही फलकावर लावतो,” आणि मैत्रिणीला फोन करायला उठली. जे पास केलं ते नियमात बसत नव्हतं, आणि जे थांबवलं त्याला ‘मावशी, मीठ थोडं कमी करा’ एवढं सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी नियमात बसलं असतं.

त्या डबीनंतर काही आठवड्यांनी फोन आला. नातीच्या शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या एक शिक्षिका आता चऱ्होलीला, नव्या सोसायट्यांच्या मधोमध उघडलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

“काका, आमच्याकडे कॅन्टीनसाठी मावशी आल्यात. आपल्याच. त्यांची सून पण आहे बरोबर. मला त्यांच्याबद्दल शंका नाही. पण इथल्या एका पालकांची बहीण आपल्या शाळेत पालक होती. त्या म्हणतात, ताकाने मुलं आजारी पडली होती, म्हणून काढलं. समितीतले लोक अडून बसलेत. नक्की काय झालं होतं?”

“फोनवर नको,” मी म्हणालो. “समितीसमोर येऊन सांगतो.”

सभेच्या दिवशी बसने चऱ्होलीला उतरलो. जिकडे बघावं तिकडे अर्धवट इमारती. कोपऱ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला शाळा विचारली तर म्हणाला, “व्हय, त्या निळ्या इमारतीमागं. आमचा वांग्याचा मळा हुता तिथं.” आणि स्वतःच उठून वळणापर्यंत आला.

मावशी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी सून. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

“तुम्हाला बोलावलंय होय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. तोच माणूस, तोच प्रश्न, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

“मावशी, मी आत जाऊन—”

“जा की. आत जे बोलायचं ते आत बोला.”

आत सहा-सात जण होते. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, टॅगचे रंगसुद्धा. शाळेजवळ गॅरेज चालवणारे एक मुसलमान गृहस्थ समितीत होते. ते दाढीवरून हात फिरवत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “म्हणजे काका, गाडी खोलून ठेवली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, काम चालू आहे.”

“हो.”

“आणि काम चालूच नव्हतं.”

“नव्हतं.”

“पाना पण हातात घेतला नाही?”

“नाही.”

एक-दोघं हसले. तेही हसले, पण मग म्हणाले, “हे आमच्या गॅरेजमध्ये केलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. इथे त्या बाई कुठे जाणार होत्या?”

तेवढ्यात, जिची बहीण जुन्या शाळेत पालक होती ती तरुण बाई म्हणाली, “मग माझी ताई काय खोटं बोलते का?”

“तुमची ताई खोटं बोलत नाही,” मी म्हणालो. “तिने त्या सभेत माझं ऐकलं. खोटं मी बोललो.”

“विसरला असाल काका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. मला सोपं व्हावं म्हणून म्हणाल्या, हे मला कळत होतं. “टॅग काढायचा राहून गेला असेल.”

“विसरलो नव्हतो. रोज फाटकातून पिंप दिसायचं. काढला नाही.”

मग त्यांनी मावशींना आणि सुनेला आत बोलावलं. बोलणं माझ्यावरून सरळ खाण्यावर गेलं, ते बरं झालं. ताकात मीठ किती, चिक्की केवढी, तळलेलं काही नको, रोज एक फळ ठेवता येईल का. सून चुणचुणीत होती. म्हणाली, “आम्ही चमचा ठरवून देऊ. आमच्यातलं कुणीही केलं तरी तेवढंच पडंल.” गॅरेजवाले म्हणाले, “आणि कमी-जास्त वाटलं तर आम्ही तोंडावर सांगू. टॅग नको.” यावर मावशी पहिल्यांदा हसल्या. सहामाहीपर्यंत कॅन्टीन त्यांच्याकडे द्यायचं ठरलं. त्यानंतर पुन्हा बघू, असं. त्या तरुण बाईने हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

बाहेर आल्यावर मी मावशींना म्हणालो, “माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.”

“हवं व्हतं,” त्या म्हणाल्या. सून पुढे चालत होती, तिला त्यांनी थांबायला खुणावलं. “काका, इथं सांगितलं ते बरं केलं. पण इथं मला वळखतंय कोन? माझं नाव गेलं ते आमच्या गल्लीत. तुमच्या शाळेतली निम्मी पोरं आमच्याच गल्लीतली. त्या साली संक्रांतीला बायांनी माझ्या हातचा तिळगूळ घेतला, गोड बोला म्हटल्या, आन पदराला बांधून नेला. एकीनं तोंडात टाकला न्हाई. मी बघत व्हते.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा मी प्रयत्नही केला नव्हता.

“येऊ का मी तिकडे?” मी विचारलं.

“रविवारी या. सकाळी. पुरुष मान्सं बी घरी असतात.”

रविवारी गेलो. चिंचवडला रेल्वे रुळाच्या अलीकडची गल्ली, दाराबाहेर नळ, दारासमोर लावलेल्या मोटारसायकली. मला वाटलं होतं मावशी घरात थांबतील आणि मी एकट्याने फिरायचं. पण त्या चप्पल घालून बाहेर आल्या. पहिलं दार त्यांनीच वाजवलं.

कोकणातल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांचे दोन्ही नातू त्या शाळेत शिकलेले. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो आणि सांगितलं. कोण मी, काय केलं, काय केलं नाही, आणि ताकात काहीही नव्हतं. आतून त्यांचा मुलगा बनियनवर बाहेर येऊन ऐकत उभा राहिला.

बाईंनी ऐकून घेतलं आणि मावशींचा हात धरला. “अगो, आम्ही कुठे मानलं होतं ते? लोक बोलायचे, आम्ही नाही.”

“मग माझा तिळगूळ पदराला का बांधला व्हता?” मावशींनी विचारलं.

भांडणाचा सूर नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं. बाईंचा हात सुटला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग खाली.

“भीती वाटली गो,” त्या म्हणाल्या. “नातवंडं लहान होती.”

“असंच म्हना मग,” मावशी म्हणाल्या. “ते मला कळतंय.”

मुलाने चहाचं विचारलं. मावशी म्हणाल्या, येताना घेऊ, अजून बरीच दारं आहेत. आणि माझ्याकडे वळून, “चला काका.”

पहिल्या घरी त्या माझ्या मागे उभ्या होत्या. दुसऱ्या घरी कडी वाजवून त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. दार उघडलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.